शंकाविष आणि ‘आकर्षणाचा नियम’ : मनाची पोच कोठपर्यंत?

गेल्या काही वर्षांत आमच्या चिकित्सालयात येणाऱ्या काही रुग्णांच्या पिशवीत तपासणीच्या कागदांबरोबर एक वही दिसू लागली आहे. वहीत एकच वाक्य ओळीखाली ओळ लिहिलेले असते. ‘माझे शरीर पूर्ण निरोगी आहे’, ‘माझी साखर नॉर्मल आहे’, ‘मला मूल झाले आहे’. कोणी पहाटे एकवीस वेळा लिहितो, कोणी सलग पाच दिवस पंचावन्न वेळा. विचारल्यावर उत्तर येते की हा ‘आकर्षणाचा नियम’ आहे; आपण ज्याचा विचार करतो ते आपल्याकडे ओढले जाते. प्रारंभी आम्ही याकडे कौतुकानेच पाहत होतो. रामनामाच्या वह्या भरणारी पिढी आम्ही पाहिली आहे. त्यातलाच हा प्रकार, रुग्णाच्या मनाला तेवढाच आधार, असे वाटे.

आमचे मत बदलले ते एका रुग्णेमुळे. वय पन्नाशीपुढचे, प्रमेहाचा इतिहास अकरा वर्षांचा, आधुनिक गोळ्या चालू, सोबत आमच्याकडून निशामलकी आणि पथ्यापथ्य. नियमाने येणारी ही बाई सात-आठ महिने फिरकली नाही. आली तेव्हा उजव्या पायाच्या बोटांतील व्रण काळा पडला होता व त्यास दुर्गंध येत होता. त्याच दिवशी तिला शल्यचिकित्सकांकडे पाठविले. दोन बोटे काढावी लागली. पुढे ड्रेसिंगच्या निमित्ताने बोलणे झाले तेव्हा उलगडा झाला. पायांची बधिरता दिवाळीपासून होती. रक्तशर्करा तपासणे तिने थांबविले होते, कारण वाईट आकडा पाहिला की तोच आकडा पुन्हा ओढला जातो अशी तिची समजूत झाली होती. व्रणाविषयी घरातही ती बोलली नव्हती. रोगाचा उच्चार म्हणजे रोगाला आमंत्रण. हे सर्व सांगून झाल्यावर तिने विचारले, “डॉक्टर, माझे विचार कुठे कमी पडले?”

या प्रश्नास आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते. त्याहून अधिक टोचले ते पुढचे वाक्य. “मनावरच सगळं असतं, असं तुम्हीच म्हणाला होतात ना,” असे ती म्हणाली. तक्रारीच्या सुरात नव्हे, अगदी सहज. आम्ही तसे म्हटले होते. आपल्यापैकी बहुतेक वैद्य हे वाक्य दिवसातून चार वेळा उच्चारतात, आणि औषधी दुकानाच्या काउंटरवर तर ते आठ वेळा ऐकू येते. ते कोणत्या अर्थाने खरे आणि कोणत्या अर्थाने घातक, याचा शोध आम्हांस स्वतःसाठीच घ्यावा लागला. प्रस्तुत लेख हे त्याचेच फलित होय.

प्रथम हा नियम आला कोठून ते पाहू. अनेक रुग्ण आणि, खेदाने म्हणावे लागते, काही वैद्यबंधूही तो ‘प्राचीन भारतीय ज्ञान’ म्हणून सांगतात. वस्तुस्थिती निराळी आहे. अमेरिकेतील मेन राज्यात फिनियास क्विम्बी (१८०२–१८६६) नावाचा घड्याळे बनविणारा एक गृहस्थ संमोहनाच्या प्रयोगांकडे वळला. त्याचा एक तरुण साहाय्यक संमोहित अवस्थेत रोग्यांचे निदान सांगे व औषध सुचवी. क्विम्बीच्या लक्षात आले की सुचविलेली वनस्पती अगदी साधी व स्वस्त असली तरी गुण येतो. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला तो असा, की गुण वनस्पतीचा नसून रोग्याच्या श्रद्धेचा आहे. येथपर्यंत निरीक्षण म्हणून ते मोलाचे होते. पुढची उडी मात्र मोठी होती : रोग हाच मुळी चुकीचा विचार होय. त्याची एक रुग्णा मेरी बेकर एडी हिने पुढे १८७९ साली ख्रिश्चन सायन्स हा पंथ स्थापन केला, आणि त्या पंथातील काही आईवडिलांनी केवळ प्रार्थनेवर विसंबून औषधोपचार टाळल्याने बालके दगावल्याची प्रकरणे अमेरिकेच्या न्यायालयांत गेली.

‘आकर्षणाचा नियम’ हा शब्दप्रयोग रूढ करणाऱ्यांत विल्यम वॉकर ॲटकिन्सन हा वकील प्रमुख होय. विचार म्हणजे कंपने व सजातीय कंपने एकमेकांस ओढतात, असे प्रतिपादन करणारे त्याचे पुस्तक १९०६ साली शिकागोहून प्रसिद्ध झाले. हेच ॲटकिन्सन महाशय ‘योगी रामचरक’ या टोपणनावाने प्राणायाम व हठयोगावरही लिहीत. ती पुस्तके आजही आपल्याकडे कोणा भारतीय योग्याची म्हणून विकली जातात! पुढे वॉलेस वॉटल्सने १९१० साली हाच विचार धनप्राप्तीकडे वळविला, नेपोलियन हिल याने १९३७ साली त्यास विक्रीकलेची जोड दिली, आणि २००६ साली रॉन्डा बर्न यांच्या ‘द सीक्रेट’ या चित्रपटाने व पुस्तकाने तो जगभर पसरविला. भारतीय भाषांतील अनुवादांतून तो आपल्या रुग्णांच्या घरी आला. तेव्हा हा नियम चरकाचा नव्हे, पतंजलीचाही नव्हे. तो एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेचा आहे. परदेशी म्हणून तो त्याज्य ठरत नाही हे खरेच. परंतु आपल्या संहितांचे नाव त्यास चिकटविण्यापूर्वी संहिता काय म्हणतात ते पाहणे आपले कर्तव्य आहे.

आणि संहिता जे म्हणतात ते या विषयावर जगातील अत्यंत जुन्या व अत्यंत सूक्ष्म निरीक्षणांपैकी आहे, असे आमचे मत आहे.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील विषचिकित्सेचा अध्याय आपण सर्वांनी परीक्षेपुरता वाचलेला असतो. त्यात शंकाविषाचे वर्णन आहे. दाट अंधारात एखाद्यास काहीतरी चावते. चावले ते विषारी असावे या नुसत्या शंकेने त्यास ज्वर येतो, छर्दी, मूर्च्छा, दाह होतो. ग्लानी, मोह, अतिसारापर्यंत मजल जाते. विषाचा थेंबही अंगात नसतो. सुश्रुताचार्य कल्पस्थानात आणखी पुढे जातात. भित्र्या माणसास सर्पाचा नुसता स्पर्श झाला तरी भयाने वायू प्रकुपित होऊन त्या ठिकाणी शोथ उत्पन्न होतो. यास त्यांनी ‘सर्पांगाभिहत’ असे स्वतंत्र नाव दिले आहे. येथे शोथ खोटा नाही. रुग्ण नाटक करीत नाही. डोळ्यांना दिसणारी, बोटांनी दाबता येणारी सूज भयाने उत्पन्न झाली आहे, आणि ती कोणत्या मार्गाने झाली हेही आचार्यांनी सांगितले आहे : भय, त्यातून वातप्रकोप, त्यातून शोथ.

शंकाविषाची चिकित्सा तर मुळातून वाचावी. वैद्याने रुग्णास आश्वस्त करीत साखर, द्राक्षे, ज्येष्ठमध, मध अशी सौम्य द्रव्ये द्यावीत, अभिमंत्रित जल शिंपडावे, सांत्वन करावे, त्यास हर्षित करावे. ज्यास आज प्लासिबो म्हणतात त्याचा एवढा विचारपूर्वक उपयोग दुसऱ्या कोणत्या प्राचीन वैद्यकग्रंथात असेल तर तो आमच्या वाचनात आलेला नाही.

परंतु या वर्णनातील एक गोष्ट सहज नजरेआड होते. शंकाविषाचा उल्लेख ज्या अध्यायात आहे तो अध्याय प्रामुख्याने खऱ्या विषाचा आहे. तेथे अरिष्टाबंधन आहे, रक्तमोक्षण आहे, वमन आहे, अगद आहेत. विषाचे वेग मोजून त्या त्या वेगाची चिकित्सा आहे. खऱ्या सर्पदंशात ‘विष नाही असे समज’ असा उपदेश आचार्यांनी कोठेही केलेला नाही. आधी निश्चय, मग सांत्वन. हे विष आहे की शंका, हे वैद्याने ठरवावयाचे. रुग्णाने मनाशी नव्हे. आज तर हा निश्चय रुग्णालयात निरीक्षणाखाली ठेवूनच करावा लागतो आणि विषबाधेची चिन्हे दिसताच सर्पविषप्रतिबंधक लस हाच उपाय ठरतो. आकर्षणाचा नियम सांगणारे यातला पहिला भाग घेतात, दुसरा सोडून देतात. भयाने सूज येते हे खरे. त्यावरून निर्भय राहिल्यास सर्पविष चढत नाही असे मात्र निघत नाही.

मनाचा परिणाम शरीरावर कोणत्या वाटांनी होतो याची आपल्याकडील यादी लहान नाही. योग्य मात्रेत घेतलेले पथ्यकर अन्नही चिंता, शोक, भय, क्रोध यांनी पचत नाही असे चरक विमानस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात सांगतात. भयज व शोकज अतिसार हे स्वतंत्र प्रकार मानले आहेत. काम, शोक, भय, क्रोध यांनी येणारा ज्वर आहे. अग्र्यसंग्रहात रोग वाढविणाऱ्या भावांमध्ये विषादास अग्रस्थान दिले आहे. या सर्वांत एक समान सूत्र आहे. मन जे काही करते ते त्याच शरीरातील वायू, अग्नी, निद्रा यांच्या द्वारे करते. शारीरस्थानाच्या प्रथम अध्यायात मनाची कर्मे सांगितली आहेत ती अशी : इंद्रियांचे नियमन, स्वतःचे नियमन, ऊह आणि विचार. बाहेरचे पदार्थ, पैसा, माणसे, पाऊस, दुसऱ्याच्या देहातील व्याधी हे ओढून आणणे अथवा घालविणे हे मनाचे कर्म म्हणून तेथे आलेले नाही.

यावर आक्षेप येईल की मग संकल्प कशास म्हणतात? आपल्या पूजेचा प्रारंभच संकल्पाने होतो. खरे आहे. पण संकल्प सोडताना आपण देश, काल, गोत्र उच्चारून काय सांगतो? अमुक कर्म मी करीन. संकल्पानंतर भटजी उठून जात नाहीत, पूजा पुढे चालते. संकल्प हा कर्माचा आरंभ आहे, कर्माचा पर्याय नव्हे. दुसरा आक्षेप कर्मविपाकाचा. चरकांनी दैव म्हणजे पूर्वदेहातील कर्म व पुरुषकार म्हणजे या देहातील कर्म अशी फोड केली आहे. दोहोंत शब्द ‘कर्म’ हा आहे. प्रज्ञापराधाचेही तसेच. धी, धृती, स्मृती भ्रष्ट झाल्यामुळे मनुष्य जे अशुभ कर्म करतो त्यास प्रज्ञापराध म्हटले आहे. दुपारी मनात आलेल्या एका वाईट विचारास नव्हे. वेगविधारण, अहितकर आहार, रात्री जागून दूरचित्रवाणी पाहणे, तंबाखू. आपल्या रुग्णांचा प्रज्ञापराध बहुधा असा असतो, आणि तो वहीत वाक्ये लिहून धुतला जात नाही.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो आमच्या एका तरुण सहकाऱ्याने घेतला. जनपदोद्ध्वंसाच्या मुळाशी अधर्म आहे असे चरकच म्हणतात ना? म्हणतात. परंतु त्या अध्यायाचा आरंभ पाहावा. अग्निवेशाचा प्रश्नच असा आहे की ज्यांची प्रकृती, आहार, देह, बल, सात्म्य, सत्त्व व वय भिन्न आहे अशी माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने कशी नष्ट होतात? सत्त्व, म्हणजे मन, भिन्न असूनही! आत्रेयांचे उत्तर वायू, जल, देश आणि काल या चौघांच्या विकृतीचे आहे, कारण हे चौघे सर्वांना समान असतात. त्या चौघांच्या विकृतीमागे जो अधर्म सांगितला तो राज्यकर्त्यांपासून प्रजेपर्यंत पसरलेल्या आचरणाचा आहे. कोणा एका रुग्णाने मनात काय आणले याचा तेथे संबंध नाही. २०२० व २०२१ या दोन वर्षांत आपण सर्वांनी हा अध्याय जगून पाहिला आहे. आनंदी वृत्तीची माणसे गेली, सदैव कुरकुरणारी वाचली, आणि याच्या उलटही झाले.

आता आधुनिक संशोधनाकडे वळू. येथे आम्ही मुद्दाम थोडे रेंगाळणार आहोत, कारण यातील काही प्रयोग आपल्या दैनंदिन व्यवसायास थेट लागू पडतात.

२०११ साली अमेरिकेत तमक श्वासाच्या, म्हणजे अस्थमाच्या, रुग्णांवर झालेला एक प्रयोग पाहावा. एकाच रुग्णास वेगवेगळ्या दिवशी साल्ब्युटामॉलचा पंप, औषधविरहित पंप, खोटे ॲक्युपंक्चर यांपैकी एक उपचार दिला गेला, अथवा काहीच दिले गेले नाही. ‘किती बरे वाटले?’ या प्रश्नास खऱ्या पंपाने ५० टक्के, खोट्या पंपाने ४५ टक्के, खोट्या ॲक्युपंक्चरने ४६ टक्के सुधारणा रुग्णांनी सांगितली. काहीच न दिल्यास २१ टक्के. म्हणजे रुग्णाच्या सांगण्यावरून खरे-खोटे ओळखणे अशक्य. परंतु फुफ्फुसांची क्षमता यंत्राने मोजली तेव्हा खऱ्या औषधाने ती २० टक्के वाढली होती, उरलेल्या तिन्ही वेळी केवळ सुमारे ७ टक्के. श्वासनलिका आखडलेल्याच होत्या. रुग्णास बरे वाटत होते. या प्रयोगाने आम्ही काही काळ अस्वस्थ होतो. ‘बरे वाटते’ या शब्दांवर आपण किती वेळा औषध कमी करतो!

याचा अर्थ बरे वाटणे निरर्थक असा मुळीच नव्हे. ज्या व्याधीत वेदना, आध्मान, अस्वास्थ्य हेच मुख्य दुःख आहे तेथे वैद्याचे वागणे हे स्वतः औषध ठरते. २००८ साली ग्रहणीसदृश आंत्रविकाराच्या २६२ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात केवळ प्रतीक्षायादीत ठेवलेल्यांपैकी २८ टक्क्यांस समाधानकारक आराम वाटला, खोटे ॲक्युपंक्चर दिलेल्यांपैकी ४४ टक्क्यांस, आणि तेच खोटे ॲक्युपंक्चर देताना ज्यांच्याशी चिकित्सकाने वेळ देऊन आस्थेने संवाद केला त्यांपैकी ६२ टक्क्यांस. दोन टक्केवारींतील हा फरक आपल्या खुर्चीतून निर्माण होतो. त्यासाठी कंपनांची भाषा लागत नाही. रुग्णाचे बोलणे पुरे होईपर्यंत थांबावे लागते.

शंकाविषाचे आधुनिक रूप तर औषधी दुकानदारांनी विशेष लक्षात घ्यावे. स्टॅटिन गोळ्यांनी अंग दुखते म्हणून त्या सोडून दिलेल्या ६० व्यक्तींवर इंग्लंडमध्ये प्रयोग झाला व तो २०२० साली प्रसिद्ध झाला. वर्षभरात काही महिने खरी गोळी, काही महिने हुबेहूब तशीच खोटी गोळी, काही महिने काहीच नाही. रोजच्या त्रासाचे सरासरी गुण शंभरपैकी असे आले : गोळी नसताना ८, खोट्या गोळीवर १५.४, खऱ्या गोळीवर १६.३. त्रास खरा होता, पण त्यातील बहुतांश भाग औषधातून नव्हे, गोळी घेतो आहोत या जाणिवेतून आला होता. हे कळल्यावर त्यांतील निम्म्या व्यक्तींनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. काउंटरवर पुडी बांधता बांधता ‘हे जरा उष्ण पडतं हं’ असे जे आपण सहज बोलून जातो, त्याची मात्रा कोणत्याही लेबलावर लिहिलेली नसते.

औषधी दुकानाचा उल्लेख आला म्हणून एमिल कूए (१८५७–१९२६) याचे स्मरण येथे करणे उचित होईल. हा फ्रान्समधील त्रॉय गावचा औषधविक्रेता. औषध देताना त्याची दोन शब्दांत स्तुती केली तर ग्राहकास गुण अधिक येतो, हे त्याने दुकानात उभे राहून टिपले आणि त्यावरून स्वयंसूचनेची पद्धत बसविली. आपण दिवसेंदिवस सर्व बाबतींत सुधारत आहोत अशा अर्थाचे एक वाक्य सकाळी व रात्री वीस वेळा पुटपुटावे, मोजण्यासाठी वीस गाठींची दोरी हाती धरावी. आपल्या जपमाळेचीच ती बहीण म्हणावी. नान्सी शहरी तो हे सर्व विनामूल्य शिकवी. मी कोणास बरे केले नाही, असे तो म्हणे. दुकानात उभा राहूनही त्याने दुकानदारी केली नाही. वही लिहिणाऱ्या रुग्णांच्या परंपरेत कोठे तरी हा मनुष्य आहे, आणि त्या परंपरेतला तो आम्हांस सर्वांत प्रामाणिक वाटतो.

कर्करोगाविषयी मात्र स्पष्टच बोलले पाहिजे. महाराष्ट्रात तोंडाचा कर्करोग काही दुर्मिळ नाही. आपल्यापैकी प्रत्येकाने तो पाहिला आहे. शिरोग्रीवा कर्करोगाच्या १०९३ रुग्णांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. मनाची प्रसन्नता आणि आयुष्यमान यांचा संबंध शोधणे हाच त्याचा हेतू होता. संबंध आढळला नाही. प्रसन्न राहणारे अधिक जगले नाहीत, खचलेले लवकर गेले नाहीत. प्रसन्नतेने उरलेले दिवस सुसह्य होतात, आणि तेवढ्यासाठीच ती हवी. परंतु ‘लढवय्या वृत्ती ठेवा म्हणजे जिंकाल’ असे ज्यास सांगितले जाते त्याच्या हरण्याचा दोष कोणाकडे जातो? मरणाऱ्या माणसावर आणखी एक आरोप ठेवण्याचा अधिकार आम्हांस कोणत्याही शास्त्राने दिलेला नाही.

गर्भिणीच्या बाबतीत हा आरोप फार सहज केला जातो. सौमनस्य हा गर्भधारणेस उपकारक भावांमध्ये श्रेष्ठ, हे अग्र्यसंग्रहातील वचन अलीकडे गर्भसंस्काराच्या वर्गांतून फलकांवर झळकते. गर्भपात झालेल्या एका तरुणीस सासरच्या मंडळींनी ‘तुझ्याच मनात नकारात्मक होतं’ असे म्हटल्याचे आमच्या समोर घडले आहे. या वचनाच्या जोडीला शारीरस्थानातील आठवा अध्याय ठेवावा. तेथे गर्भिणीस काठोकाठ भरलेल्या तैलपात्राप्रमाणे, तिला क्षोभ होऊ न देता, जपावे असे सांगितले आहे. तैलपात्र स्वतःला सांभाळत नसते. ते ज्यांच्या हाती आहे त्यांनी न हिंदकळता चालावयाचे असते. सौमनस्याची जबाबदारी आचार्यांनी घरच्यांवर टाकली आहे. आपण ती उलटवून तिच्याच डोक्यावर ठेवली.

मग मनाविषयी रुग्णास सांगावयाचे तरी काय? सत्त्वावजय ही त्रिविध औषधांपैकी एक आहे. ती आम्ही सोडावी असे कोणी म्हणणार नाही. अहितकर विषयांपासून मनास आवरणे ही तिची व्याख्या आहे. मानसदोषांसाठी ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती, समाधी हे उपाय सांगितले आहेत. यांत कल्पनाचित्रे रंगविणे नाही. वजन घटविण्याच्या वर्षभराच्या कार्यक्रमातील लठ्ठ स्त्रियांवर १९९१ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आपण यशस्वी होऊ अशी ज्यांची अपेक्षा होती त्यांचे वजन अधिक घटले. परंतु सडपातळ झाल्याची गोड स्वप्ने ज्या रंगवीत त्यांचे कमी घटले. अपेक्षा आणि दिवास्वप्न यांतील हा भेद आपल्या स्थौल्याच्या रुग्णांत आम्हांस वारंवार दिसतो. स्वप्नातच पोट भरले की पायऱ्या चढण्याची गरज वाटत नाही. आत्मविश्वासू माणसास नोकरी लवकर मिळते, हसतमुख दुकानदाराकडे गिऱ्हाईक येते, हे आम्ही नाकारीत नाही. पण तेथे मन बाहेरच्या जगात पोहोचले ते वाणीच्या आणि हातापायांच्या मार्गाने.

आमच्या मते या समजुतीचा खरा आघात होतो तो चिकित्सेच्या चतुष्पादांपैकी रोगी या पादावर. रोग्याचे चार गुण आपण पाठ केले आहेत : स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. वही लिहिणाऱ्या रुग्णास वाटते की आपण अभीरुत्व कमावीत आहोत. प्रत्यक्षात तो आकड्याला भितो, शब्दाला भितो, स्वतःच्या पायाकडे पाहण्यास भितो. आणि ज्ञापकत्व तर संपतेच. आपल्याला काय होते आहे हे वैद्यास यथार्थ सांगणे हा ज्याच्या दृष्टीने अपशकुन ठरला, त्याचे निदान कोणी व कसे करावे? करपादांची सुप्तता व दाह ही प्रमेहाची लक्षणे निदानस्थानात पूर्वरूपांतच सांगितली आहेत. आमच्या रुग्णेस ती जाणवली होती. तिने ती गिळली.

म्हणून आम्ही आमच्या प्रश्नपत्रकात अलीकडे काही प्रश्न वाढविले आहेत. ‘कसे आहात?’ असे विचारले की सकारात्मक विचार करणारा रुग्ण ‘उत्तम’ असेच म्हणतो. तो खोटे बोलत नाही, व्रत पाळतो. त्याऐवजी आम्ही विचारतो : कोणती गोळी, कोणत्या तारखेपासून बंद आहे? शेवटची तपासणी कधी केली आणि कागद कोठे आहे? बोलावयाचे टाळले असे काही आहे का? प्रमेही रुग्णाचे पादत्राण व मोजे काढून तळवे स्वतः पाहतो. वही लिहिण्यास मनाई करीत नाही. मनाई केली तर वही चालू राहते आणि आपल्याला कळणे तेवढे बंद होते, हा अनुभव आम्ही घेतला आहे.

औषधी दुकानदार बंधूंसाठी एक व्यावहारिक सूचना. चूर्णाच्या डबीबरोबर ‘संकल्पशक्तीने मधुमेहमुक्ती’ अशा धर्तीची पत्रके ठेवण्याचा आग्रह काही फिरते विक्रेते करतात. औषध व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ अन्वये मंत्र, कवच, ताईत यांसारख्या अद्भुत शक्तीच्या उपायांची जाहिरात करणे प्रतिबंधित आहे, आणि ज्या रोगांविषयी औषधांची जाहिरात करता येत नाही त्यांच्या अनुसूचीत मधुमेह व कर्करोग दोन्ही आहेत. पत्रक कोणी छापले हा प्रश्न नंतरचा. ते सापडते आपल्या काउंटरवर. कायदा बाजूस ठेवला तरी, दोन गोळ्यांचे पैसे वाचवून तिसऱ्याच कार्यशाळेचे शुल्क भरणारे ग्राहक आपल्या ओळखीचे असतात. गोळीची पट्टी न्यावयास महिनाभर कोणी आले नाही, तर एवढे विचारणे दुकानदाराच्याच हाती असते.

त्या रुग्णेच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तिसऱ्या-चौथ्या भेटीत दिले. विचार कमी पडले नाहीत; तपासणी कमी पडली, पायाला जपणे कमी पडले, आणि ‘मनावरच सगळे असते’ असे म्हणताना त्यापुढचे अर्धे वाक्य सांगण्यास आम्ही कमी पडलो. ती ऐकून गप्प बसली. पटले की नाही, हे त्या दिवशी कळले नाही.

वही ती अजूनही लिहिते. डाव्या पानावर तिची वाक्ये असतात; उजव्या पानावर, आम्ही सुचविल्यावरून, उपाशीपोटीची साखर, रात्री आरसा धरून नातवाने तळवे पाहिल्याची खूण आणि काही वाटले असेल तर ते. गेल्या खेपेस खुर्चीवर बसण्यापूर्वीच तिने सांगितले, “डाव्या टाचेला भेग पडली आहे, चार दिवस झाले.” आम्ही चप्पल काढावयास सांगितली.